दोन रुपयांची शिडी

एका दुपारी शिर्डीत साईबाबांनी शिडी मागवली. कुणीतरी ती आणून वामन गोंदकरांच्या घराला टेकवली. बाबा छपरावर चढले, शेजारच्या राधाकृष्णामाईंच्या छपरावरून चालत गेले आणि पलीकडच्या बाजूने खाली उतरले. राधाकृष्णामाई त्या वेळी हिवतापाने कुडकुडत होत्या. या चढण्याउतरण्याचा अर्थ काय असावा, याचा तर्क गोविंद रघुनाथ दाभोलकरांनी, म्हणजे भक्तांच्या हेमाडपंतांनी, ‘श्रीसाईसच्चरिता’त केला आहे. पण गावकऱ्यांच्या लक्षात राहिलं ते पुढचं. खाली उतरताच बाबांनी शिडी आणणाऱ्याच्या हातावर दोन रुपये ठेवले. मजुराची दिवसभराची मजुरी आण्यांत मोजली जाण्याचे ते दिवस. एवढ्याशा कामाला एवढे पैसे कशाला, असं कुणीतरी विचारलंच. त्यावर बाबांच्या उत्तराचा आशय असा होता की कुणाचेही कष्ट फुकट घेऊ नयेत, श्रमाचं मोल वेळच्या वेळी आणि उदारपणे चुकवावं.

हे सांगणारा माणूस स्वतः रोज भिक्षा मागून जेवत होता.

मदतीचा विचार करताना शिर्डीपासून सुरुवात करावी ती यासाठी. ‘साईसच्चरित’ श्रद्धेने लिहिलेला ग्रंथ आहे आणि त्यातल्या चमत्कारांकडे कुणी कसं पाहावं, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मात्र त्याच पानांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका छोट्या, कोरडवाहू गावाचा रोजचा व्यवहार बारकाईने नोंदलेला आहे. कोण कुणाला काय देत होतं, कोण कुणाच्या घरचं खात होतं, पैसा कुठून येऊन कुठे जात होता, हे सगळं त्यात सापडतं. दुसऱ्याला मदत करणं आणि आपल्या पायावर उभं राहणं या दोन गोष्टी आपण सहसा वेगळ्या मानतो. एक दानशूरांचं काम, दुसरं कष्टाळूंचं. शिर्डीच्या त्या व्यवहारात मात्र त्या एकमेकींपासून सोडवता येत नाहीत.

बाबा रोज गावातल्या ठरावीक घरांपुढे उभे राहत. खांद्यावर झोळी, हातात पत्र्याचं भांडं. कोरडी भाकरी झोळीत, पातळ कालवण भांड्यात. ते राहत त्या मशिदीत परतल्यावर ते सगळं एका मातीच्या कुंडीत रिकामं होई. त्या कुंडीवर पहारा नव्हता. कुत्री, मांजरं, कावळे त्यात तोंड घालत, मशीद झाडायला येणारी बाई त्यातल्या भाकरी उचलून घरी नेई आणि तिला कुणी अडवत नसे. म्हणजे गावाने दिलेली भाकरी बाबांच्या हातून पुन्हा गावातल्याच सगळ्यात उपाशी जिवापर्यंत पोचत होती. बाबा घेणारेही होते आणि देणारेही, एकाच दुपारी.

त्याआधीच्या काळात, बाबा रानात भटकत असताना, कोते पाटलांच्या घरातल्या बायजाबाई डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन काट्याकुट्यांतून त्यांना शोधत फिरत आणि समोर बसवून खाऊ घालत. बाबा ते विसरले नाहीत. बायजाबाईंचा मुलगा तात्या त्यांना मामा म्हणे आणि अखेरपर्यंत त्यांच्याजवळ राहिला. लक्ष्मीबाई शिंदे रोज भाकरी आणून देत. १५ ऑक्टोबर १९१८ रोजी, दसऱ्याच्या दिवशी, देह ठेवण्याआधी बाबांनी खिशात हात घालून त्यांना आधी पाच आणि मग चार असे नऊ रुपये दिले.

पुढे भक्तांची रीघ वाढली, तेव्हा बाबा स्वतः हंडी चढवू लागले. दोन हंड्या होत्या. लहानीत सुमारे ५० माणसांचं शिजे, मोठीत १०० जणांचं. बाजारात जाऊन धान्य, मसाला बाबा स्वतः आणत, घासाघीस करत, पैसे रोख मोजत आणि मसाला स्वतःच्या हाताने वाटत. दक्षिणा मागत तीही भरपूर, पण सकाळी जमलेला पैसा दिवस मावळेपर्यंत वाटला जाई. उधारी नाही आणि साठाही नाही. गावातली फुलबागही त्यांनी मातीच्या कच्च्या घड्यांनी पाणी घालून वाढवली होती. परावलंबी दिसणाऱ्या या फकिराच्या दिवसात स्वतःचे हात सतत कामात होते, हे नजरेआड करू नये.

या सगळ्यात जास्त विचार करायला लावणारी गोष्ट भागोजी शिंदे यांची आहे. भागोजींना महारोग होता. गावकुसाबाहेर ढकलण्याचाच तो आजार. १९१० च्या दिवाळीत धुनीजवळ बसलेल्या बाबांचा हात चांगलाच भाजला. त्यांचे भक्त नानासाहेब चांदोरकर मुंबईहून डॉक्टर परमानंदांना घेऊन आले. बाबांनी डॉक्टरांना हात दाखवला नाही. बांधलेला हात रोज सोडायचा, तूप लावून चोळायचा, वर पान ठेवून पुन्हा बांधायचा, हे काम भागोजींकडे गेलं आणि ते बाबांच्या अखेरपर्यंत त्यांच्याकडेच राहिलं. ज्याचा स्पर्शही लोक टाळत, त्याच्या हाती गावातला सगळ्यात मानाचा माणूस रोज आपला हात देत होता. भागोजींना धान्य, कपडा, पैसा देणारे अनेक मिळाले असते. त्यांची सेवा घेणारा, त्यांच्यावर विसंबणारा माणूस मिळणं अवघड होतं. दुसऱ्याला आपली मदत करू देणं ही काही वेळा मोठी मदत असते, आणि दानाच्या उत्साहात नेमकी तीच राहून जाते.

त्याच १९१० च्या सुमारास पटकीच्या साथीत बाबा जात्यावर गहू दळायला बसल्याची हकिकत प्रसिद्ध आहे. चार बायका पुढे झाल्या, त्यांनी बाबांच्या हातून खुंटा घेतला आणि गाणी म्हणत दळण उरकलं. पीठ आपल्यालाच मिळणार असं समजून त्यांनी त्याचे वाटे केले, तेव्हा बाबा रागावले आणि ते पीठ गावच्या शिवेवर टाकायला लावलं. साथ त्यामुळे हटली का, हा वैद्यकाचा प्रश्न. पण दळणारीच्या वाट्याला पीठ नव्हतं, होती ती अख्ख्या गावाची राखण, आणि त्या गावात दळणाऱ्या बायकांची घरंही होतीच.

* * *

भाकरी दिली की आजची भूक भागते. उद्याचं काय, हा प्रश्न शिर्डी ज्यात येते त्या नगर जिल्ह्याला बाबांच्या हंडीच्या कितीतरी आधीपासून छळत होता. पाऊस बेभरवशाचा, सारा ठरलेला, आणि मधली फट भरून काढायला सावकार. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं, भाव कोसळला, साऱ्याची नवी आकारणी मात्र वाढीव आली. शेतकरी कर्जात बुडाले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात उद्रेक झाला आणि बघता बघता तो नगर जिल्ह्यात पसरला. या दख्खनच्या दंग्यात जमावाचं लक्ष्य माणसं नव्हती, कागद होते. सावकारांकडची कर्जखतं बाहेर काढून जाळली गेली. सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला.

खतं जळाली, पण गरज जळाली नाही. बियाण्याला पैसा हवाच होता आणि तो देणारा दुसरा कुणी नव्हता. कायद्याने सावकाराला आवर घातला, शेतकऱ्याला पत मात्र मिळवून दिली नाही.

याच पेचातून जर्मनीतला एक माणूस आधी गेला होता. फ्रिडरिश विल्हेल्म रायफायझन हा वायरबुश नावाच्या खेड्याचा नगराध्यक्ष. १८४६-४७ च्या हिवाळ्यात तिथे दुष्काळ पडला. त्याने गावातल्या सुखवस्तू लोकांकडून निधी जमवला, सामुदायिक भट्टी बांधली आणि गरिबांना पाव उधार मिळण्याची सोय केली. सुगी झाल्यावर पैसे फेडायचे. पुढच्या नेमणुकींच्या गावीही त्याने श्रीमंतांच्या मदतीवर चालणाऱ्या संस्था काढल्या, पण अनुभव एकच येत राहिला. देणाऱ्यांचा उत्साह काही वर्षांत ओसरतो आणि घेणारा आहे तिथेच राहतो. म्हणून १८६४ मध्ये हेडेसडॉर्फ इथे त्याने रचना बदलली. कर्ज हवं असेल त्यानेच सभासद व्हायचं, सगळ्यांनी मिळून एकमेकांच्या कर्जाची हमी घ्यायची. शेजारी बुडाला तर आपणही बुडू, हे कळल्यावर शेजाऱ्याच्या शेतातल्या पिकाची काळजी आपोआप घेतली जाऊ लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेडरिक निकोल्सन यांनी मद्रास सरकारसाठी केलेल्या अहवालात भारतानेही असा रायफायझन शोधावा असं सुचवलं आणि १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला.

नगर जिल्ह्याला तो माणूस शिर्डीपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर मिळाला. लोणी बुद्रुकचे विठ्ठलराव विखे पाटील. शाळा जेमतेम प्राथमिक, पण हिशोब पक्का आणि माणसांची पारख त्याहून पक्की. १९२३ मध्ये त्यांनी गावात सहकारी पतपेढी काढली. तोवर भंडारदऱ्याच्या धरणाचं आणि प्रवरेच्या कालव्यांचं पाणी या पट्ट्यात येऊ लागलं होतं, गोदावरीच्या कालव्यांनी कोपरगाव-राहात्याकडचं रान भिजू लागलं होतं. पाण्यामागोमाग ऊस आला. उसाबरोबर मात्र शेतकऱ्याची सुटका आली नाही. गुळाचा भाव व्यापाऱ्याच्या हातात होता आणि साखरेचे कारखाने खाजगी कंपन्यांचे. हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना होता, त्याच्यासाठी हजारो एकर जमीन कंपनीच्या ताब्यात गेली होती. पाणी आलं, पीक आलं, पण मालकी दुसऱ्याची.

१९४५ मध्ये बेलापूर रोड, म्हणजे आजच्या श्रीरामपूरला, कालव्यांवरच्या बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ. ऊस पिकवणाऱ्यांनीच साखर का बनवू नये, हा विचार त्यांनी मांडला. तिथून पुढची वर्षं विठ्ठलरावांनी भाग गोळा करण्यात घालवली. गावोगाव जायचं, पारावर बसायचं, समजावून सांगायचं. शेतकऱ्याने कारखाना काढायचा ही कल्पनाच तेव्हा हसण्यावारी नेण्यासारखी होती. ज्यांनी पैसे दिले त्यांतल्या अनेकांनी ते घरातल्या अडचणी बाजूला सारून दिले. मुंबई राज्याचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता सहकारातले जाणते, त्यांचं पाठबळ मिळालं. सरकारनेही भांडवलात भाग घेतला आणि औद्योगिक वित्त महामंडळाकडून कर्ज उभं राहिलं.

१९५०-५१ मध्ये प्रवरानगरला या कारखान्याचा पहिला हंगाम झाला. दिवसाला ५०० टन ऊस गाळण्याची क्षमता. गाडगीळ अध्यक्ष आणि विठ्ठलराव उपाध्यक्ष, ही जोडी पहिलं दशकभर टिकली. पुण्याचा अर्थतज्ज्ञ आणि लोणीचा शेतकरी यांनी एकमेकांवर एवढा विश्वास टाकला, हे त्या कारखान्याचं खरं भांडवल होतं. १९६१ मध्ये पंडित नेहरू प्रवरानगरला आले, त्याच वर्षी विठ्ठलरावांना पद्मश्री मिळाली. ‘आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना’ असं प्रवरेबद्दल नेहमी म्हटलं जातं. आंध्रात एटिकोप्पाका इथे तिशीच्या दशकातच असा प्रयत्न झाला होता, तेव्हा पहिलेपणाचा आग्रह धरू नये. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर पुढच्या सगळ्या कारखान्यांनी घडी बसवली ती प्रवरेकडे बघून.

त्या घडीत मदतीचा एक बारीक विचार दडलेला आहे. सभासद म्हणून प्रत्येकाला एकच मत, मग त्याचे भाग कितीही असोत. नफ्याचा वाटा कुणी किती ऊस घातला त्यावर. टनामागे थोडी रक्कम कापून ठेव, त्यातून शाळा, दवाखाने, रस्ते. चार एकरवाला शेतकरी या व्यवस्थेत एकाच वेळी मदत घेणारा आणि मदत करणारा असतो. त्याच्या उसाविना शेजाऱ्याचा कारखाना चालत नाही आणि कारखान्याविना त्याच्या उसाला भाव नाही. उपकार कुणाचेच नाहीत, म्हणून मान खाली घालायचीही वेळ नाही. प्रवरानगरात पुढे निवासी शाळा आली, ग्रामीण रुग्णालय आलं, त्याच्या जोडीने महाविद्यालयं आली. त्यांचा पाया या कापून घेतलेल्या पैशात आणि त्यामागच्या विश्वासात आहे.

ही गोष्ट इथेच थांबवली तर ती अर्धीच सांगितल्यासारखी होईल. उसाला तोडणारे हात लागतात. ते हात बीड जिल्ह्यातून, आणि याच नगर जिल्ह्यातल्या पाथर्डीसारख्या तालुक्यांतून, दिवाळीच्या आसपास बैलगाड्या-ट्रॅक्टरांतून येतात आणि कोप्यांत राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादम उचल देतो, ती फिटेपर्यंत तोडत राहायचं, फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा यायचं. पोरं बरोबर येतात, शाळा गावी राहते. या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, त्यांनी काहींना सावरलं, पण मूळ रचना फारशी हलली नाही. सहकाराची मदत भागधारकाच्या बांधापर्यंत आली आणि तिथे थांबली. १८७५ च्या खतांशी उचलीचं नातं ओळखायला इतिहासकार असावं लागत नाही. ज्या जिल्ह्याने कर्जखतं जाळली, त्याच जिल्ह्यातल्या सुबत्तेचं एक टोक आजही उचलीला बांधलेलं आहे, हे सहकाराच्या कौतुकाबरोबरच सांगायला हवं. कोयत्याला भाग मिळाला असता, ऊस तोडणाराही सभासद झाला असता, तर महाराष्ट्राचा सहकार वेगळाच दिसला असता.

कारखान्यांची पुढची अधोगतीही झाकण्यासारखी नाही. अनेक ठिकाणी सभासदांनी प्रश्न विचारणं सोडलं, संचालक मंडळं घराण्यांची झाली, कित्येक कारखाने कर्जात जाऊन खाजगी हातांत गेले. स्वतःच्या मदतीसाठी उभी केलेली संस्था चालवायचं काम स्वतःच सोडून दिलं की ती दुसऱ्याची होते.

* * *

शिर्डीची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ३६ हजार होती. सणासुदीला याहून कितीतरी जास्त माणसं एका दिवसात तिथे येतात. १९२२ मध्ये साईबाबा संस्थान स्थापन झालं, २००४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. बाबांच्या दोन हंड्यांच्या जागी आता प्रसादालय आहे. निमगावच्या बाजूला उभ्या असलेल्या या इमारतीत दिवसाला हजारो माणसं पंगतीला बसतात.

या स्वयंपाकघराच्या गच्चीवर २००९ मध्ये सूर्याच्या उष्णतेवर वाफ करणाऱ्या ७३ तबकड्या बसवल्या गेल्या. प्रत्येक तबकडी १६ चौरस मीटरची. आरसे सूर्यकिरण एका जागी एकवटतात, तिथल्या पाण्याची वाफ होते आणि नळांतून ती खाली भात-वरणाच्या भांड्यांपर्यंत जाते. सूर्य सरकतो तशी तबकडी सरकते, किरण पडतात ती जागा मात्र तीच राहते, म्हणून स्वयंपाक्याला उन्हात उभं राहावं लागत नाही. ही रचना वुल्फगांग शेफलर या भौतिकशास्त्रज्ञाची. १९८६ मध्ये केनियात त्यांची पहिली तबकडी उभी राहिली. शेफलर यांनी या रचनेचं पेटंट घेतलं नाही. साध्या लोखंडी पट्ट्या, सायकलचे भाग आणि गावातला वेल्डर एवढ्यावर ती कुठेही बनावी, अशी त्यांची इच्छा होती. तबकड्या बनवून विकल्या असत्या तर एक कंपनी मोठी झाली असती. बनवायची रीत मोकळी सोडल्यामुळे गुजरातमधल्या कारखानदारांपासून ठिकठिकाणच्या कारागिरांपर्यंत अनेकांना ती हाती घेता आली, स्वतः सुधारता आली. वस्तू देणं आणि वस्तू करण्याचं ज्ञान देणं यांतलं अंतर शिर्डीच्या गच्चीवर असं उन्हात चमकत असतं.

जानेवारी २०२५ मध्ये याच प्रसादालयावरून वाद पेटला. माजी खासदार डॉ. सुजय विखे पाटील यांनी शिर्डीत जाहीरपणे म्हटलं की मोफत जेवण बंद करावं, २५ रुपये घ्यावेत आणि वाचणारा पैसा मुलांच्या शिक्षणाला लावावा. फुकट जेवणामुळे भिकाऱ्यांची गर्दी होते, अशी त्यांची तक्रार होती. महाराष्ट्रभर उलटसुलट बोललं गेलं. पुढे संस्थानने जेवणासाठी कूपन लागू केलं. सुजय विखे हे विठ्ठलरावांचे पणतू. भाग गोळा करणाऱ्याच्या घरातून स्वावलंबनाचा मुद्दा यावा आणि हंडीच्या गावाने त्यावर अस्वस्थ व्हावं, हे स्वाभाविकच म्हणायचं.

मुद्द्यातलं अर्धं खरं आहे. नुसतं जेवण देऊन कुणी उभं राहत नाही, हे रायफायझनलाही कळलं होतं. मुलांच्या शिक्षणावर जास्त पैसा जावा, यालाही कुणी नाही म्हणणार नाही. पण पंगतीला २५ रुपये लावल्याने भिकारी स्वावलंबी होत नाही, तो फक्त पंगतीबाहेर जातो. शिवाय शिर्डीची पंगत गरिबांसाठीची वेगळी पंगत नाही. गाडीतून आलेला व्यापारी आणि पायी दिंडीतून आलेला शेतमजूर शेजारी शेजारी बसतात, वाढप एकच असतं. इथे जेवणाऱ्याला गरीब असल्याचा दाखला द्यावा लागत नाही. दाखला मागितला की मदत घेणाऱ्याची मान आधी खाली जाते आणि मग पोट भरतं. पंगत चालू ठेवावी आणि तिच्या शेजारी काम शिकण्याचं, काम मिळण्याचं दार उघडावं, असं करायला संस्थानाकडे साधनं आहेत. त्याची रुग्णालयं आहेत, शाळा आहेत, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. फुटपाथवर राहणाऱ्याला तिथपर्यंत नेणारं कुणी हवं.

देणाऱ्याला काय मिळतं, याचंही मोजमाप झालं आहे. २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एलिझाबेथ डन आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कॅनडातल्या व्हँकुव्हरला सकाळी काही जणांना ५ किंवा २० डॉलर दिले आणि संध्याकाळपर्यंत खर्च करायला सांगितले. निम्म्यांनी स्वतःवर, निम्म्यांनी दुसऱ्यावर. संध्याकाळी दुसऱ्यावर खर्च करणारे जास्त आनंदी निघाले आणि रक्कम लहान की मोठी याने फरक पडला नाही. भागोजींना रोज तो हात बांधताना काय वाटत असेल, याचा थोडा अंदाज या प्रयोगातून येतो. मग हा आनंद फक्त ज्यांच्याकडे आहे त्यांनीच का घ्यावा? ज्याच्याकडे काही नाही असं आपण ठरवून टाकलेलं असतं, त्याला देणारा होण्याची संधी किती संस्था देतात?

अशी एक संस्था याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आहे.

१९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य जामखेडला आलं. दोघंही वेल्लोरला शिकलेले, पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केलेले. तेव्हा त्या भागात जन्मणाऱ्या हजार मुलांपैकी १७६ पहिल्या वाढदिवसाआधी दगावत होती. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला. आरोळ्यांच्या लक्षात आलं की लोकांना औषधाआधी पाणी आणि अन्न हवं आहे. हातपंपासाठी जागा बघताना त्यांनी ते दलित वस्तीत बसवले, म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाने तिथे जायचं. पाणी मिळण्याबरोबर गावातलं एक अंतरही त्याने हललं.

खेड्यापाड्यांत राहायला शिकलेल्या परिचारिका तयार नव्हत्या. तेव्हा गावांनीच आपल्यातल्या बाया निवडून द्याव्यात, असं ठरलं. त्यांतल्या बहुतेक निरक्षर होत्या, बऱ्याच दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, एकत्र जेवत, एकत्र राहत आणि एक-दोन गोष्टी पक्क्या शिकून गावी परतत. जुलाब झालेल्या बाळाला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, बाळंतपणात नाळ कशी स्वच्छ कापायची, मुलाचं वजन कसं करायचं, कुष्ठरोगाचा पहिला चट्टा कसा ओळखायचा. आरोळ्यांनी ज्ञान आपल्याकडे राखून ठेवलं नाही. बाईला जमेल ते तिने करायचं, तिला न जमेल ते परिचारिकेने, आणि डॉक्टरांकडे उरेल तेवढंच. पुढच्या दोन दशकांत या गावांतला बालमृत्यूचा आकडा हजारामागे ५० च्या खाली आला. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या हाती आरोग्य देणाऱ्या प्रयोगांवर पुस्तक काढलं, त्यात जामखेडचं प्रकरण होतं. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

त्या बायांमध्ये झालेला बदल आकड्यांत मावत नाही. पूर्वी ज्यांना पाटलाच्या ओट्यावर चढता येत नव्हतं, त्यांना आता पाटलाच्या सुनेच्या बाळंतपणाला रात्री बोलावणं येऊ लागलं. त्या आधी स्वतः बऱ्या झाल्या होत्या, स्वतःच्या मुलांना वाचवायला शिकल्या होत्या. मग शेजारणीकडे गेल्या. त्यांनी महिला मंडळं काढली, बचत सुरू केली, छोटे धंदे केले. आरोग्याच्या कामावरच पोट अवलंबून नसल्यामुळे गावातल्या कुणालाही खरं सांगण्याचं धाडस त्यांच्यात आलं. स्वतःला मदत आणि दुसऱ्याला मदत यांतलं कुठलं आधी घडलं, हे त्यांच्या आयुष्यात शोधायला जाऊ नये, कारण दोन्ही एकाच आठवड्यात घडत होतं. सोमवारी शिकलेलं बुधवारी शेजारच्या झोपडीत वापरलं जात होतं.

जामखेडच्या प्रशिक्षण केंद्रात पुढे देशोदेशींचे डॉक्टर, परिचारिका, सामाजिक कार्यकर्ते येऊ लागले. खेड्यात आरोग्यसेवा कशी उभी करायची, हे त्यांना शिकायचं असतं. त्यांना शिकवायला वर्गात उभ्या राहतात त्या याच बाया. प्रश्न इंग्रजीतून येतो, दुभाष्या तो मराठीत करतो, आणि नऊवारीतली बाई सहज सांगते की बाळ जन्मल्यावर पहिल्या तासात आईचं दूध का पाजायचं आणि सासूने नको म्हटलं तर तिची समजूत कशी काढायची.